कच्चा टाका

रशीदभाई गेला त्या दुपारी मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. अकोल्याच्या बसस्टँडासमोर चहाच्या टपरीवर पाचसहा जण जमलेले. एकदा ऐन मे महिन्यात त्याने तेल्हाऱ्यात रुई अशी पिंजली, अशी पिंजली, की ती उडून थेट अचलपुरावर जाऊन पडली आणि तिथली माणसं हिवाळा आला म्हणून पेटीतले स्वेटर काढू लागली… इथवर आलो आणि फोन वाजला. जुबेदाभाभी, त्याची बायको. "भाईजान, ते जेवून आडवे झाले ते उठूनच नाई राहिले…" मी फोन खिशात ठेवला. म्हणालो, "रशीदभाई गेला." टपरी खदखदून हसली. त्यांना वाटलं, हा गोष्टीचा पुढचा भाग. जन्मभर थापा मारल्या की असं होतं. माणूस एकदा खरं बोलतो, तेव्हा लोक टाळी द्यायला हात पुढे करतात.

महिना झाला त्याला. आता लिहायला बसलोय, तर शक्यतो सरळ लिहीन.

रशीदभाई पिंजारी. घरोघर फिरून गाद्या भरायचा. मी एस.टी.त कंडक्टर, अकोला–तेल्हारा. पहिल्या भेटीतच भांडलो. त्याच्या खांद्यावर ते पिंजण, म्हणजे रुई मोकळी करायचं, आतड्याची तात ताणून लावलेलं धनुष्य, माणसापेक्षा हातभर लांब. मी म्हटलं, "याचं अर्धं तिकीट लागते." तो म्हणाला, "हाव, घेतो. पण मंग तेले बसाले जागा दे." अख्खी गाडी माझ्यावर हसली. त्या दिवसापासून पिंजण फुकट आणि रशीदभाई माझ्या शेजारच्या सीटवर. असं वीस वर्षं.

काम करताना तो बोलायचा नाही, तात बोलायची. टंग-टंग-टुंई. दगडासारखी दबलेली जुनी रुई बघता बघता ढगासारखी फुगायची. गादी शिवताना मात्र त्याची एक रीत होती. तीन कोपरे पक्के शिवायचा आणि चौथ्याला लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा, एका ओढीत सुटेल असा. पाचसात वर्षांनी गादी दबली की तिथूनच उघडायची, तीच रुई पुन्हा पिंजायची, पुन्हा भरायची. "कच्चा टाका हाय तं गादी जिती हाय," म्हणायचा.

मग ती वर्षं आली. कापसाने वऱ्हाडाची कंबर मोडली, हे आम्ही पेपरात वाचायच्या आधी त्याला कळलं, कारण गावात गाद्या भरून घेणंच लोकांनी सोडलं. पूर्वी दोन गावांत होणाऱ्या कामासाठी त्याला दहा गावं पालथी घालावी लागत, पिंजण खांद्यावर टाकून. तशात शहरात प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या येऊन पडल्या. आणि एक दिवस तेल्हाऱ्याच्या स्टँडवर गाडीतून उतरताना तो पायरीवरच थांबला. ना खाली, ना वर. डाव्या पायातून वीज गेल्यासारखं झालं म्हणाला. एम.आर.आय.चा फोटो काढल्यावर कळलं, मणक्यातली गादी झिजली आहे. हा शब्द ऐकून तो इतका हसला की पुन्हा कळ आली. "लेका कंडक्टर, साऱ्या जिल्ह्याच्या गाद्या भरल्या, अन् आपलीच राह्यली!"

पण त्याला पिंजण पुन्हा उचलायचं होतं. बाकी काही नको होतं. आणि इथे मी माझं नेहमीचं काम केलं. पेपरात एक बातमी होती. कमरेच्या हाडातल्या मगजातून आपल्याच पेशी काढायच्या, सुईने झिजलेल्या गादीत सोडायच्या, त्यामुळे ती पुन्हा भरून येण्याची आशा आहे, असे प्रयोग सुरू आहेत. एवढंच. 'आशा' आणि 'प्रयोग' हे दोन शब्द मी तिथल्या तिथे गिळले आणि त्याला सांगितलं, "रशीदभाई, तुझीच रुई काढतात, पिंजतात, परत भरतात. माणूस महिन्यात बैलासारखा चालते!" एक आडवा पडलेला माणूस उठून शर्यतीत पळाला, हेही माझ्या पदरचं.

अमरावतीला एक डॉक्टरबाई याची माहिती राखून होत्या. आम्ही गेलो. रशीदभाईच्या हातात कापडी पिशवी होती, मला वाटलं डबा असेल. आत गेल्यावर त्याने ती टेबलावर उघडली. पांढरीशुभ्र रुई. "बाई, भराचीच हाय तं चांगली भरा. तेल्हाऱ्याची हाय, लांब धाग्याची. सरकी एक नाई." तो गंमत करत होता की खरंच घेऊन आला होता, मला आजतागायत ठाऊक नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिमूटभर रुई बोटांत धरली, मग फोटो उजेडात लावला.

"चांगली गादी यात पांढरी दिसते, तिच्यात पाणी असतं. तुमच्या खालच्या दोन बघा."

"काळ्या पडल्या," तो म्हणाला. "चपट्या बी. रुई मेली यांची."

"ज्यांची थोडीच झिजलीय, त्यांच्यावर हे करून पाहतात. काहींचं दुखणं कमी होतं. पण गादी खरंच नव्याने भरते का, हे आम्हालाही अजून नक्की सांगता येत नाही. तुमच्या गादीत पेशी सोडल्या तर त्या जगणार कशावर? तिथे रक्तच धड पोचत नाही. करते म्हटलं, तर ते खोटं बोलणं होईल."

'खोटं' ऐकून मी फरशीकडे पाहिलं.

रशीदभाईने पिशवीचं तोंड बांधलं. "अल्लानं यालेबी कुठंतरी कच्चा टाका ठेवला असन ना, बाई?"

"शोधतोय, रशीदभाई. अजून सापडला नाही."

परतीच्या गाडीने मूर्तिजापूर मागे टाकलं. मग मीच म्हटलं, "माफ कर. वाढवून सांगतलं मी."

"मले का मालूम नव्हतं? वीस वर्स तुले आयकून राह्यलो. तू शंभर सांगतलं का मी दहा पकडतो."

"मंग आला काहून?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "दहा तं होते ना, लेका…"

पिंजण खुंटीवर गेलं ते गेलंच. बाईंनी शिकवलेले व्यायाम तो नेमाने करायचा, कण्हत करायचा, हळूहळू चालूही लागला. पण तात पुन्हा बोलली नाही. काही महिन्यांनी त्याने मला बोलावून एक लहान गादी दिली, खुर्चीत पाठीमागे घ्यायची. पिंजण नव्हतं, म्हणून रुई बोटांनी मोकळी केलेली, चिमूट चिमूट. "तुही पाठ बी एस.टी.नं खाल्ली हाय," एवढंच बोलला.

परवा भेटायला गेलो तेव्हा भाभींनी सांगितलं, त्या गादीत अमरावतीला नेलेलीच रुई आहे. मला त्याने कधी कळू दिलं नाही. थापाड्या मी, पण खरा मुरलेला तो.

इतकी वर्षं टेकून टेकून आता ती गादी दबली आहे. एका बाजूने तर पार चपटी. पुन्हा पिंजायला हवी, पण अकोल्यात कोण उरलंय? मी रोज सकाळी तिला ऊन दाखवतो, उलटी करतो, आणि टेकण्याआधी अंगठ्याने चौथा कोपरा चाचपून पाहतो. लाल दोरा… आहे.