एका दिवसाचं औषध

कारेगावात आमच्या कंपनीच्या गेटवर जे वॉचमन आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मूळचे बिहारचे, पण इथलीच मराठी बोलतात. खुर्ची असून बसत नाहीत. चहा दिला तर आधी "तुमी घेतला का?" विचारतात. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून शिफ्टच्या आधी मी त्यांना पेपरातली एखादी बातमी वाचून दाखवतो.

परवा काळ्या आजाराची, म्हणजे बिहारकडे वाळूमाशी चावून येणाऱ्या तापाची, बातमी होती. पूर्वी या तापाला महिनाभर रोज सुई घ्यावी लागायची. आता सलाईनमधून एकदाच औषध देतात, एका दिवसात काम होतं.

"एकच दिवस? परत वाचा, दादा."

मी परत वाचली.

"माझ्या बायकोला तीस सुया सांगितल्या व्हत्या. एकोणीस झाल्या, ताप उतरला. ती म्हणली, आता बरी हाय, घरी चला. मीच घेऊन आलो. दोन महिन्यांत गेली." मामा गेटचा दांडा धरून उभे होते. "राहिलेल्या अकरा दिल्या असत्या, तर वाचली असती ना?"

मला हो म्हणवेना. आणि नाही म्हटलं असतं, तर ते खोटं आहे हे त्यांनी लगेच ओळखलं असतं.