शिंपीणबाई दम धरत नाहीत

हंगाम संपला आणि बोटी ताडपत्र्या पांघरून किनाऱ्यावर चढल्या, की त्यांच्या बॅटऱ्या बॅटरीवाल्याच्या घरी मुक्कामाला यायच्या. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत तो आणि त्याची थोरली बहीण, पुढच्या खोलीत फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. आणि दोन्हींतली चांगली खोली अर्थात बॅटऱ्यांची. बॅटरी भरताना वायू सुटतो, म्हणून भर थंडीतही पुढची खिडकी उघडी. ताई म्हणायची, "माझी सासरी याच्या निम्मी बडदास्त ठेवली असती, तर मी आज तिथंच असते."

त्याचं म्हणणं, बॅटरी बोटीतच पडू दिली तर बसल्याबसल्या उतरते आणि उतरलेली तशीच राहिली की आतून मरते. म्हणून तो त्यांना न्हाऊमाखू घालायचा. टोकांवरची हिरवट बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, पुसून जेली चोळायची, मंद चार्जवर लावायचं, भरल्या की झाकणं उघडून शुद्ध पाणी पाजायचं. नावाच्या चिठ्ठ्या अ‍ॅसिड खाऊन टाकायचं, म्हणून ज्याची बॅटरी त्याचंच तिला नाव. "मास्तर उकळायला लागलाय, बंद कर त्याला," "दाढीवाल्याला पाणी पाजलंस का," असं त्या घरात बिनदिक्कत चालायचं, आणि भावा-बहिणीला त्यात काडीचंही वावगं वाटत नसे.

सगळ्या बॅटऱ्यांना तो अरेतुरे करायचा. अपवाद फक्त शिंपीणबाईंचा. त्या खिडकीपासून लांब, उबदार कोपऱ्यात. त्यांच्याशी बोलणं अहोजाहोनं. ताईनं एकदा कपाळावर हात मारून विचारलं होतं, की डबड्याला कसला मान देतोस? तो लाजून मास्तरला पुसायला लागला होता.

खऱ्या शिंपीणबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. एकट्या, वडिलांच्या माघारी दुकान चालवणाऱ्या, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि टोचरं. बॅटरीवाला वरचेवर कोट घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा, कारण कोटाला अ‍ॅसिडची भोकं पडायची. "अहो बॅटरीवाले," त्या म्हणायच्या, "हे अ‍ॅसिड इतकं शिस्तीत एका ओळीत कसं उडतं?" तो म्हणायचा, वारा असतो. त्या भोकं बुजवून द्यायच्या आणि तो त्या रफूवर पुढचे आठ-दहा दिवस तरंगायचा.

पण गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी सांगून टाकलं होतं. बोट वडिलांची, बॅटरी वडिलांनी स्वतःच्या हातानं बसवलेली. ती चालेल तोवर इथं राहायचं. ती गेली की बोट विकायची, दुकान आवरायचं आणि धाकट्या भावाकडे निघून जायचं. एकटीनं रेटायचं ते तरी किती? म्हणजे शिंपीणबाईंचं या गावातलं राहणं त्या कोपऱ्यातल्या जुन्या बॅटरीवर लटकलेलं होतं, आणि बॅटरीवाल्याचा जीव शिंपीणबाईंवर.

आणि नेमकी तीच बॅटरी दम धरीना. दुरुस्तीचे सगळे उपाय झाले. ताईनं सुचवलं, गुपचूप नवी बसव, वर जुनी झाकणं लाव, कोणाच्या बापाला कळतंय? तो म्हणाला, "त्यांच्याच बापानं बसवलीय, ताई. खोटं सांगून नाही थांबवायचं मला त्यांना." ताईला आपल्या भावाचा एकदम अभिमान वाटला आणि लगेच रागही आला.

त्या सकाळी त्यानं काचेची नळी घालून एकेका सेलमधलं अ‍ॅसिड ओढून पाहिलं. चौथ्या सेलशी नळीतला तरंगता काटा तळाला जाऊन बसला. ताई मागं भांडी घासत होती, म्हणून त्याला ओरडून सांगावं लागलं.

"ताई, शिंपीणबाई काही राहत नाहीत आता. इतके दिवस धरून बसलो, पाणी पाजलं, तोंड पुसलं. चौथ्यात जीवच उरला नाही."

"मग बाहेर काढून ठेव," ताई ओरडली. "दुसऱ्या कोणाला तरी जागा होईल."

भिंतीला भिंत लावून नुकतंच एका न्हाव्यानं दुकान थाटलं होतं. त्याला या घराची भाषा अजून ठाऊक नव्हती आणि खिडकी तर सताड उघडी. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बायकोला सांगायला पळालं, आणि मग काय, गावाला तेवढंच हवं होतं.

लोकांना दुःख झालं, नाही असं नाही. पण पहिली आठवण प्रत्येकाला आपापल्या कापडाची झाली. शिंपीणबाई मशीनवर बसल्या होत्या, तर बँकेतले साहेब टोपी काढून आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की पँट झाली नसेल तर राहू दे, नुसतं कापडही चालेल. मागोमाग धोबीण. मग बेकरीवाली, डोळे पुसत. तिनं शिंपीणबाईंचा हात हातात घेतला. "मनात काही राहिलं असेल तर बोलून टाका," ती म्हणाली. "माझ्या कोटाच्या बाह्या सोडून."

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. त्या टाचण्या काढतात तेव्हा काहीतरी मोठं घडतं, हे सगळ्यांना माहीत होतं. हे कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं आणि बोटं एकाकडून दुसऱ्याकडे वळत वळत न्हाव्यापर्यंत पोचली. न्हाव्यानं भिंतीकडे दाखवलं. गळ्यात टेप तशीच ठेवून त्या बॅटरीवाल्याच्या दारात आल्या, मागं निम्मं गाव.

बॅटरीवाला स्टुलावर बसून बॅटरीची समजूत काढत होता. दाराकडे त्याची पाठ.

"बाई, थोडा दम धरा हो. तुम्ही गेलात की बोट जाणार, बोट गेली की त्या जाणार. मग मी कोटाला भोकं पाडायची ती कोणासाठी?"

मागं कोणीतरी खोकलं. तो वळला आणि त्याचा चेहरा खायच्या सोड्यासारखा पांढरा झाला.

"भोकं तुम्ही पाडायचात?" शिंपीणबाई म्हणाल्या.

काही खरंच अ‍ॅसिड उडून पडलेली होती, असं तो चाचरत म्हणाला. बाकीची नळीनं, थेंबाथेंबानं. शिंपीणबाईंनी गावाकडे पाहिलं, गावानं छताकडे पाहिलं.

मग त्या कोपऱ्यातल्या बॅटरीकडे गेल्या. "आणि ही मी?" तो मान हलवून हो म्हणाला. "गेले का मी?"

आत्ताही एका शब्दानं वेळ मारून नेता आली असती. ताई तर मागच्या दारातून खुणा करून करून दमली.

"चौथा सेल गेला," तो म्हणाला. "बाकीचे पाच धडधाकट आहेत. पण एक गेला की काही चालत नाही."

शिंपीणबाईंनी बॅटरीवर हात ठेवला. बसवताना बाबांचा अंगठा चेंगरला होता, त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. खरंखुरं, सगळ्यांदेखत. बेकरीवालीला आपल्या बाह्यांची लाज वाटली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, की मग ठरल्याप्रमाणे बोट विकायची.

"विकू नका," बॅटरीवाला म्हणाला. "जाऊ नका."

"जाऊ नका म्हणाला," न्हाव्यानं मागच्यांना पोचवलं.

शिंपीणबाईंनी खुंटीवरचा त्याचा कोट उतरवला, उजेडात धरून भोकं पाहिली, घडी करून काखेत मारला आणि निघाल्या. गर्दीनं वाट दिली. उंबऱ्याशी त्या थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

तो पुढच्या 'बॅटरीवाले'ची वाट पाहत राहिला. वर्षानुवर्षं त्या शब्दामागून तो शब्द आलेला होता. आज आलाच नाही.

"बोटीला नवी बॅटरी बघा. आणि नवीला अहोजाहो करायचं नाही. घरात तेवढं मी करीन."

आणि गेल्या. न्हावी अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला घेऊन दुकानाकडे वळला, तो जाताजाता सांगत होता, की शिंपीणबाई ठणठणीत आहेत, पण बॅटरीवाला गेला कामातून.

बॅटरीवाला होता तिथंच उभा. शेवटी ताईनं येऊन त्याला हलवलं.

"छोट्या, भानावर ये. शिंपीणबाई गेल्या."

"कुठल्या?"

"दोन्ही," ताई म्हणाली. "एक कायमची गेली, दुसरी तुझा कोट घेऊन गेली. आता घेऊन ये जा."