वस्तरा बाजूला ठेवून

रत्नागिरीच्या मासळी बाजारालगत माझ्या नेहमीच्या न्हाव्याचं दुकान आहे. परराज्यातल्या तुरुंगात एक तरुण फाशीची वाट बघतोय. त्याला कधी न पाहता हा न्हावी त्याच्या दयेच्या अर्जासाठी सह्या गोळा करतो. वस्तरा गळ्याशी आला की विचारतो, "काय हो, निर्दोष माणूस लटकवायचा?" तशा वेळी कोण हो म्हणणार?

एक निवृत्त हवालदार मात्र म्हणाला, "कोर्टापेक्षा तुला जास्त कळतं?" मग दोघं असे जुंपले, की हवालदार एका गालावर फेस घेऊन तडक बाजारात शिरला. न्हावी मागे धावला. "अहो, सही नका देऊ, पण दाढी तरी पुरी करून जावा!" कोळणी पोट धरून हसत होत्या.

माझी पाळी आली तेव्हा मी आधीच म्हणालो, "आणा, करतो सही."

"थांबा." त्याने माझा गळा पुसला, वस्तरा खणात ठेवला, अंगावरचं कापड सोडलं आणि दार सताड उघडलं. "आता सांगा."

"एवढं कशाला?"

"तुरुंगातल्या त्या पोराने गुन्ह्याच्या कबुलीवर सही केली ना, तेव्हा त्याची मान पोलिसांच्या हातात होती हो."

मी खुर्चीतून उठलो आणि उभ्यानेच सही केली.