फिटरने घासलेली रॅम

कारखान्यात आमच्या ह्यांना सगळे 'बसवतो' म्हणत. पंपाचा दांडा आत जात नाही? बोलवा बसवतोला. हेही कधी 'बघतो' म्हणाले नाहीत की 'जमेल का' म्हणाले नाहीत. वस्तू हातात घ्यायची, डोळ्यांसमोर धरायची आणि म्हणायचं, "बसवतो की!" सोळाव्या वर्षी फिटर म्हणून कानस हातात घेतली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्याने परत मागून घेतली. म्हणजे कारखान्याची तेवढी मागितली. घरात स्वतःच्या अकरा आहेत.

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांनी घासली नाही अशी वस्तू आमच्या घरात नाही. कपाटाचं दार, कुकरचं झाकण, माझ्या चष्म्याची दांडी. एवढंच काय, स्वतःची दातांची कवळी टोचायला लागली तेव्हा डॉक्टरकडे जायचं सोडून ह्यांनी तिलाच कानस लावली. आणि ती बसली हो! तेच वाईट झालं. त्यानंतर ह्यांना वाटायला लागलं की जगात न बसणारी वस्तूच नाही, घासणारा मिळत नाही एवढंच.

निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. हल्लीचा नळ दुरुस्त होत नाही, त्याच्या आतला तुकडा बदलतात. मिक्सर उघडला तर कंपनी हात वर करते, म्हणून लेकीने तंबी दिलेली. जावई तर काही बिघडलं की तिकडून फोनवरूनच माणूस पाठवतो. हे त्या माणसाच्या मागे उभे राहतात, "जरा डावीकडून दाबा" म्हणून सांगायला जातात आणि तो म्हणतो, "काका, तुम्ही बसा." असं तीन महिन्यांत चार वेळा झालं. चौथ्या वेळी, रात्री जेवता जेवता हे म्हणाले, "अगं, मी आता कशाच्याच कामाचा राहिलो नाही का?"

मी एरवी बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. पण तेव्हा मी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्याच सुमारास माझ्या कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली. मी रविवारच्या पुरवणीसाठी शब्दकोडं करते. अकरा वर्षं करतेय. कॉम्प्युटर त्याहून एक वर्षाने मोठा. सकाळी बटण दाबावं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आंघोळ उरकावी, तेव्हा कुठे तो डोळे उघडतो. कोड्याची फाइल उघडायला सांगितली की पुन्हा झोपतो. त्याच्या कृपेने माझं कोडं लागोपाठ दोन आठवडे उशिरा पोचलं आणि संपादकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाई, या गुरुवारी बाराच्या आत फाइल आली नाही तर मला दुसरी सोय बघावी लागेल."

त्या दिवशी घरी आलेली लेक म्हणाली, "आई, नवा घे. नाहीतर निदान रॅम वाढव. मेमरीची पट्टी असते, आतल्या खोबणीत बसवायची."

'बसवायची' एवढंच ह्यांच्या कानावर पडलं. पेपर बाजूला गेला. "मी बसवतो की!"

मी नाही म्हणू शकले असते. लेकीने डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण मला ते जेवतानाचं वाक्य आठवलं आणि मी म्हटलं, "बसवा." माझं कोडं पणाला लावतेय हे मला पुरतं ठाऊक होतं.

मंगळवारी ह्यांनी कॉम्प्युटर उघडला, जुनी पट्टी काढली आणि केसाची जाडी मोजायचं ते आपलं व्हर्निअर तिच्यावर लावलं. एकशे तेहेतीस पूर्णांक चौतीस मिलिमीटर. आकडा चिठ्ठीवर लिहिला, पट्टी परत आत घातली आणि निघाले.

मी म्हटलं, "अहो, जुनी पट्टी सोबत न्या ना. दुकानात दाखवता येईल."

"माप घेतलंय, नमुना कशाला?"

परत आले ते विजयी मुद्रेने. "ती दुकानवाली विचारत होती, तिसऱ्या पिढीची की चौथ्या पिढीची? म्हटलं, बाई, पिढ्या सोयरीक जुळवताना बघतात. इथे माप बघा! तिच्यासमोर व्हर्निअर लावलं. शंभरावा हिस्सासुद्धा फरक नाही. आठ जीबीची आहे, एकदम नवी, चौथ्या पिढीची. ती म्हणाली, नाही बसली तर परत आणा." आणि हे हसले. न बसणारी वस्तू परत नेणारा माणूस कसा असतो, हे ह्यांनी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी पट्टी बसेना. लांबी तंतोतंत होती. पण त्या पट्टीला खालच्या कडेला एक छोटी खाच असते आणि खोबणीत तिथेच एक उंचवटा असतो, म्हणजे चुकीची पट्टी आत जाऊ नये. या दोघांची गाठ काही पडत नव्हती. खाच जरा बाजूला सरकलेली.

"बनवणाऱ्याची चूक," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात होते. खर्र खर्र आवाज आला. आधी मला वाटलं खिडकी असेल. मग कानस आठवली. धावत बाहेर येते तो काय! पट्टी दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये पकडलेली, अकरातली सगळ्यात बारीक कानस हातात आणि माझ्या धुतलेल्या टॉवेलवर हिरवा भुगा.

"अहो, काय करताय!"

"खाच वाढवली. झालंच."

पट्टी बसली. कट्‌ आवाज करून बसली. ह्यांनी माझ्याकडे अशा काही ऐटीने पाहिलं की विचारू नका. मग बटण दाबलं. टूं. टूं. टूं. पडदा काळाच. नवी काढून जुनी घातली, तरी टूं टूं टूंच. दुपारपर्यंत ती पट्टी बाराएक वेळा आतबाहेर झाली. आगीतून उठून फुफाट्यात! आता बोला!

मी बोललेच. छत्तीस वर्षांत साठलेलं सगळं बोलले. कवळी काढली, कुकर काढला, चष्मा काढला. "हात दाखवून अवलक्षण! कोडं गेलं माझं तुमच्या त्या खर्र खर्रपायी!" ह्यांनी टॉवेल उचलला, अंगणात झटकला, स्वतः धुऊन वाळत घातला. ह्यांना ते किती लागलंय, हे तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गुरुवारी दहा वाजता दुकान उघडलं तेव्हा आम्ही दोघं दारात, कॉम्प्युटरची पेटी ह्यांच्या हातात. दुकानवाली पस्तिशीची असेल, चष्मा डोक्यावर. तिने घासलेली पट्टी उजेडात धरली आणि तिचे डोळे मोठे झाले. मागच्या गिऱ्हाइकाने फिस्स करून हसून घेतलं.

"हे कुणी केलं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं झणझणीत होतं. पण हे माझ्या आधी बोलले.

"मी केलं. मला यातलं काही कळत नाही. चूक माझी आहे. पण हिचं काम आत अडकलंय हो. अकरा वर्षांत हिचा एक रविवार चुकलेला नाही. आज बाराच्या आत नाही गेलं तर माझ्यामुळे चुकेल. तेवढं करा."

'चूक माझी आहे' हे शब्द ह्यांच्या तोंडून ऐकायला मी छत्तीस वर्षं टपून बसले होते. आणि ऐकल्यावर मला जराही बरं वाटलं नाही. उलट त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर मी अशी काही वस्सकन गेले, "हसायला काय झालं? तुम्ही कधी चुकला नाहीत का?" की तो चार्जर न घेताच निघून गेला.

दुकानवालीने मात्र पेटी उघडली. खोबण फुंकून साफ केली आणि जुन्या पट्टीचे पिवळे दात शाळेतल्या साध्या खोडरबरने घासले. हे वाकून बघत होते. "घासायचंच होतं, पण रबराने," असं स्वतःशीच पुटपुटले. मग तिने तिसऱ्या पिढीची चार जीबीची एक पट्टी शोधून शेजारच्या खोबणीत घातली. बटण दाबलं. पडदा उजळला. माझी फाइल उघडली, तीसुद्धा मी पदर खोचायच्या आत!

तिथेच तिच्या टेबलावर बसून मी उरलेली नऊ आडवी आणि चार उभी पुरी केली. हे प्लगपाशी राखण करत उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला "शू, पाय सांभाळून" करत. बाराला दहा कमी असताना फाइल गेली. पाच मिनिटांत संपादकांचं "मिळालं" आलं. मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरलेलाच.

रिक्षात पेटी मांडीवर धरून बसले होते. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाले, "आता तू अशा कामांना माणूसच बोलवत जा. माझं वय झालं."

मला वाटलं, त्यापेक्षा आणखी चार रॅम घासाव्यात ह्यांनी. पण समजूत घालणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "माणूस कशाला? मागचं दार गेले कित्येक दिवस कुरकुरतंय, खाली घासतंय. ते आधी बघा, मग म्हातारे व्हा."

हे थोडे सावरून बसले. "वरची बिजागरी असेल," म्हणाले. "बसवतो की."

दार मुळीच कुरकुरत नव्हतं. घरी पोचल्यावर हे हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात मी ह्यांचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन, स्टुलावर चढून बिजागरीचा स्क्रू ढिला करायला लागले. पण ह्यांनीच बसवलेला होता तो, काही केल्या निघेचना.