सुक्याची घाण

अंगणात बांगडे सुकायला घातले की मला कॉलेजातली स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीची, पात्रता फेरी आठवते. माझे बूटही त्या मासळीशेजारीच वाळत. बसमध्ये आमच्या कॅप्टनने नाक धरलं, "मागे जावन बस गो, बुटांका सुक्याची घाण येता." सगळ्या हसल्या. फेरीत मी तिला मुद्दाम माझ्या मागे ठेवलं. घे म्हटलं वास! किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना लाटांतून पळायची सवय होती, त्यामुळे शेवटच्या पाण्याच्या खड्ड्यातून मी सुसाट सुटले. वेळ इतका कमी लागला की पंचांनी घड्याळ दोनदा बघितलं. ती पोचताच मी ओला बूट तिच्या तोंडासमोर धरला. "आता धर नाक!" धापा टाकत ती तोंडाने श्वास घेत होती, गुडघ्यांवरचे हात काही उठले नाहीत. आजही हा वास मी छाती भरून घेते.