पान्हा न लावायचा नेम

आमच्या घरी एक नेम आहे. नवी गाडी घेतली किंवा जुनीचं मोठं काम केलं की तिची पूजा करायची, आणि पूजा झाली की तुळजापूरला देवीचं दर्शन घडवून आणेपर्यंत गाडीला पान्हा लावायचा नाही, नटबोल्टाला हात लावायचा नाही. वडिलांनी तो ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून चालू केला. ते गेल्यावर दादानं तो त्यांच्यापेक्षा कडक केला.

भूमजवळच्या आमच्या शेताची वाट खडकाळ आहे, जीप खालून घासायची. म्हणून दादानं जुन्या जीपला जास्त बाकाचे स्प्रिंगचे पाटे आणि लांब शॉकॉब्सर बसवून घेतले. जीप वीतभर उंच झाली आणि तिच्याबरोबर दादाही. तपासायचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण गाडीखाली शिरायला त्याचं पोट आडवं येतं. मी पाट्यांचे नटबोल्ट आवळले, स्टेअरिंग बघितलं आणि शेवटी पुढचं डावं चाक जॅकवर उचलून अधांतरी सोडलं. तेव्हा ब्रेकच्या तेलाचा रबरी पाइप ताणून दोरीसारखा ताठ झाला. चाक खाली लोंबलं, पण पाइपाची लांबी जुनीच राहिली होती. एखाद्या खड्ड्यात चाक असं लटकलं, की पाइप तुटणार, तेल सांडणार आणि ब्रेक जाणार.

हे सांगायला मी गाडीखालून बाहेर आलो, तर बॉनेटवर हळदीकुंकू लागलेलं. तीन चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. चौथं लिंबू हातात घेऊन दादा मी जॅक कधी काढतो याची वाट बघत उभा होता.

मी पाइपाचं सांगितलं. सोलापूरहून लांब पाइप मागवू, तोवर थांबू, असं सांगितलं. दादा म्हणाला की डांबरी रस्त्यावर चाक लटकत नसतं, आणि पूजा झालीय, आता पान्हा लागणार नाही. शिवाय आईनं दर्शनाला मंगळवार धरलाय. आईचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो. मी जाणारच नव्हतो, पण आई मागं एकटी बसणार म्हटल्यावर मुकाट्यानं चढलो.

ती जीप म्हणजे पत्र्याचा डबा, आणि त्यात मी कोंडलो होतो. मागच्या बाकावरून ना ब्रेकला पाय पोचतो, ना स्टेअरिंगला हात. प्रत्येक आचक्याला माझे कान डाव्या चाकाकडं. मला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त दादाचा राग येत होता. तो मजेत शीळ घालत होता. माझ्यासमोरच्या बाकावर आई टपाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसलेली. देवीचं नाव घेत असेल, असं मी धरून चाललो.

अर्ध्या वाटेत एका पुलाचं काम चालू होतं. गाड्या खालून, ओढ्यातून वळवल्या होत्या. उताराला डाव्या बाजूनं भला मोठा खड्डा पडला होता. पुढच्या टेम्पोचं चाक त्यात पार लोंबकळून बाहेर आलेलं मी पाहिलं, आणि पत्र्यावर मुठी आपटत दादाला थांबायला लावलं. मागं तुळजापूरची एसटी येऊन हॉर्न द्यायला लागली. दादानं मान वळवली.

"आईला दर्शन नको असंल तर सांग तसं. फिरवतो मागं."

आईनं डोळे उघडले. काय झालंय म्हणून मला विचारलं. मी पाइपाचं सगळं सांगितलं. तिला ते आत्ता पहिल्यांदाच कळत होतं.

"मला कुणी इचारलं?" ती दादाला म्हणाली. "मंगळवार तू धरलास. नेम तुझ्या बापाचा. मला ठावं असतं तर म्याच पान्हा काढून दिला असता."

दादा म्हणाला, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.

"त्यो बी असंच म्हणायचा. त्याच्या मागं बसून लई जीव मुठीत धरला. आता तुझ्या मागं न्हाय बसायची. उघड दार."

मागचं दार बाहेरूनच उघडतं. दादा खाली उतरला, फेरा मारून आला आणि कडी काढली. मी हात दिला, पण तिनं ओटीची पिशवी तेवढी माझ्याकडं दिली आणि बसूनच सरकत खाली उतरली. पिशवी परत घेतली. जीप कडेला घ्यायला सांगून ती सरळ मागच्या एसटीकडं चालत गेली. मीही येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

दादानं जीप कडेला लावली आणि तो परत मागच्या दाराशी आला. एसटी आमच्या शेजारून खड्डा सांभाळत ओढ्यात उतरली. आई अगदी पुढच्या बाकावर, खिडकीशी बसली होती. एवढ्या वर्षांत तिला कुठल्याही गाडीत पुढं बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. एसटी पलीकडच्या चढाला लागली, तरी दादा कडीला हात लावून तिथंच उभा होता.