शनिवारची व्हॅन

सकाळी दोन पोरांना उठवून शाळेच्या व्हॅनमध्ये बसवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून पटणार नाही. आमची पहिलीतली लेक दुधाचा कप संपवते, तेवढ्यात बाहेर मेट्रोचा एक खांब उभा राहतो. चार वर्षांचे चिरंजीव मोजा घालताना पाय असा आखडून घेतात की तो सरळ करायला क्रेनच मागवावी. मी भाईंदरला स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे प्रेसखाली जाडजूड पत्रासुद्धा मुकाट्याने वाकतो. घरी कोणी वाकत नाही.

इतकी वर्षं ही लढाई बायको एकटी लढायची आणि मग दुपारच्या शिफ्टला नर्स म्हणून जायची. यंदा तिला वरसाव्याजवळच्या हॉस्पिटलात सकाळच्या वॉर्डाची इनचार्ज केलं. किती वर्षं वाट पाहिली होती तिने. सकाळची ड्यूटी म्हणजे अंधारातच घर सोडायचं. पण दुपारी पोरांची व्हॅन परत येते तेव्हा शांती नगरच्या आमच्या गेटवर ती उभी. मी पेढे आणायला निघालो, तर तिने अडवलं.

"आधी एक आठवडा बघते," ती म्हणाली. "एक दिवस जरी व्हॅन चुकली, तरी मी आपली परत दुपारच्या शिफ्टला. मग इनचार्ज कोणीही होवो."

मी म्हणालो, दोन पोरांचं काय घेऊन बसलीस, सांगशील तर अख्खं शांती नगर वेळेवर शाळेत पोचवतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. ती मान मला झोंबली. ठरवलं, व्हॅन चुकू द्यायची नाही म्हणजे नाही.

सोमवारी मी घातलेल्या वेण्या शाळेच्या बाईंनी सोडून पुन्हा घातल्या. मंगळवारी डब्यात भाजी गेली, पोळ्या ओट्यावर राहिल्या. फोन दिसला की पोरं दुधाला तोंड लावत नाहीत, म्हणून तो मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला लागलो. पण व्हॅन एकदाही चुकली नाही. उरला शनिवार.

शुक्रवारी झोपण्याआधी मी कोणाला न सांगता भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे सरकवलं. त्यात काही पाप नाही, घरोघरी घड्याळं पुढे असतात.

शनिवारी बायको मला हलवून निघून गेली. मी एक छोटीशी डुलकी काढली, डोळे उघडून घड्याळ बघितलं आणि असा उडालो की खालच्यांचा पंखा हलला असणार. व्हॅन यायला जेमतेम पाच मिनिटं! घड्याळ आपणच पुढे सरकवलंय, हे झोपेत कुठलं आठवायला. पोरांना झोपेतच युनिफॉर्म चढवले, एकाला खांद्यावर टाकलं, एकीला ओढलं आणि गेटवर पोचलो. तिथे वॉचमन तोंडात ब्रश धरून आमच्याकडे बघत राहिला.

"साहब, इतनी जल्दी?" म्हणत त्याने आपला मोबाइल दाखवला. व्हॅन यायला चांगला अर्धा तास होता.

मी बाकावर राजासारखा बसलो. म्हटलं, जिंकलो. तेवढ्यात चिरंजीवांनी शर्ट ओढला. "बाबा, शी."

लेकीला वॉचमनजवळ बसवलं. लिफ्ट दूधवाल्याने अडवलेली, म्हणून चार मजले चिरंजीवांना खांद्यावर घेऊन चढलो. वर साहेब निवांत बसले. व्हॅनला कान असतात का, रात्री ती कुठे झोपते, अशी माझी मुलाखत चालली होती. शेवटी धुवायला घेतलं आणि खाली हॉर्न वाजला. मग काय, एका हातात पोरगा, दुसऱ्या हातात त्याची चड्डी-पँट, आणि चार मजले मी उतरलो नाही, ओघळलो.

खाली व्हॅन धडधडत उभी, आतली पोरं बोंबलतायत, ड्रायव्हरने कपाळाला हात लावलेला. आमची लेक एक पाय आत, एक पाय रस्त्यावर ठेवून दाराला चिकटलेली. तिने त्याला शांतपणे सांगितलं होतं, मी चढले नाही तर दार लागणार नाही आणि दार लागलं नाही तर व्हॅन जाणार नाही.

"आरटीओवाला भी इतना नहीं रोकता, भाईसाब," ड्रायव्हर म्हणाला.

चिरंजीवांना दारातून आत दिलं, पँट मागोमाग खिडकीतून. व्हॅन गेली.

संध्याकाळी हे सगळं मी बायकोला जरा तिखटमीठ लावून सांगितलं. ती हसता हसता थांबली. "अहो, पण अर्धा तास कसा? मी तर दहाच मिनिटं पुढे केलं होतं."

मग मलाही कबूल करावं लागलं. तरी दहा मिनिटं कमीच पडत होती. आम्ही दोघांनी लेकीकडे बघितलं. ती चित्र रंगवत होती.

"मीपण केलं. स्टुलावर चढून," मान वर न करता ती म्हणाली. "घड्याळ पुढे गेलं की शाळा लवकर सुटते. सुटली की गेटवर आई असते."

बायको तिच्याजवळ जाऊन बसली. मग हळूच विचारलं, "आणि सकाळी मी नसते, ते गं?"

"सकाळी बाबा चालतो."

लेकीने मला पास केलं होतं. बायकोने डोळे पुसले आणि मला पेढे आणायला पिटाळलं.

परत आलो आणि त्याच स्टुलावर चढून घड्याळ मागे घेतलं. माझी दहा मिनिटं काढली, बायकोची काढली. लेकीची तेवढी राहू दिली.